अकीक : खरा रंग, खोटा भरोसा

गेल्या वर्षीची गोष्ट. दहावीच्या गणिताच्या पेपरची सकाळ होती. आमच्या शाळेतला एक मुलगा परीक्षा केंद्राच्या फाटकाजवळ रडत उभा होता. हॉल तिकीट विसरला असेल, असं समजून मी पुढे गेले. तर तो म्हणाला, "टीचर, मेरी अंगुठी गुम गई. कल स्कूल में वजू करते वक्त निकालके रखी थी. अब मेरा पेपर खराब जाएगा."

अंगठी चांदीची होती, तिच्यात लाल खडा. मुलाची आई विड्या वळते. एका बाबाने तिला सांगितलं होतं की हा यमनी अकीक आहे, दम केलेला आहे, बोटात असेपर्यंत मुलाला नजर लागणार नाही आणि पेपर सोपे जातील. किंमत बावीसशे रुपये. तिने ती तीन हप्त्यांत फेडली होती. घरात वीज बिल थकलेलं असताना!

मी मुलाला पाणी पाजलं. "रात्रभर अभ्यास अंगठीने केला की तू?" असं विचारलं. तो कसाबसा हसला आणि आत गेला.

चार दिवसांनी अंगठी शाळेच्या नळाच्या मोरीत सापडली. खड्याचा एक कोपरा उडाला होता. आईची परवानगी घेऊन मी ती अंगठी खडे जडवणाऱ्या एका बुजुर्ग चाचांकडे नेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, उडालेली कड उजेडात धरली आणि दोन मिनिटांत अंगठी परत दिली. "टीचर, ये अकीक नहीं, कांच है. अंदर हवा का बुलबुला दिख रहा है."

मग त्यांनी कप्प्यांची एक जुनी डबी उघडली आणि पंधरा-वीस खरे अकीक पांढऱ्या कपड्यावर मांडले. लाल, काळे, हिरवे, पांढरे, पट्ट्यांचे; एकात तर चक्क झाड उगवलेलं! त्या संध्याकाळी मला जाणवलं, की ज्या दगडावर आपल्या घरांत इतका भरोसा ठेवला जातो, त्याची आपल्याला काहीच माहिती नाही. शाळेतल्या भूगोलाच्या सहकाऱ्यांना विचारून आणि पुस्तकं चाळून जे समजलं, ते वाचकांसमोर ठेवते आहे.

अकीक म्हणजे काय?

'अकीक' हा अरबी शब्द आहे. ज्या धातूपासून तो बनला त्याचा अर्थ चिरणे, कापणे. बाळाच्या जन्मानंतर आपण करतो त्या 'अकीका'चं मूळही हेच. मदीना शहराजवळच्या एका खोऱ्याला वादी-ए-अकीक म्हणतात. आपल्या बाजारात मात्र या दगडाला बरेचदा 'हकीक' म्हटलं जातं.

अकीक हा गारगोटीच्या कुळातला दगड. गारगोटी, नदीची वाळू आणि अकीक, तिघांचं मूळ द्रव्य एकच : सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. फरक इतकाच, की गारगोटीचे स्फटिक मोठे असतात आणि अकीकचे इतके बारीक, की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून अकीक काचेसारखा चकचकीत नसून मेणासारखा मऊ चमकतो.

दिसायला मऊ, पण अंगाने कणखर! खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मोजपट्टीवर सांगतात. १८१२ साली फ्रेडरिक मोह्स या शास्त्रज्ञाने ती तयार केली. हिरा दहावर आहे. अकीक साडेसहा ते सातवर, आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे अकीक काचेवर ओरखडा काढतो, काच अकीकवर काढू शकत नाही. वजनात तो तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या सुमारे २.६ पट भरतो. शिवाय त्याच्यात अतिशय बारीक छिद्रं असतात, त्यामुळे तो रंग पिऊन घेतो. हा गुण लक्षात ठेवा, खऱ्या-खोट्याच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आपल्याच मातीतला दगड

अकीक म्हटलं की आपल्याला यमन आठवतं, इराण आठवतं, हजहून आलेली अंगठी आठवते. पण आपण ज्या काळ्या खडकावर राहतो, तो अकीकचं मोठं घर आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भागावर हा काळा खडक पसरलेला आहे. सोलापूर जिल्हाही त्यावरच वसला आहे. तो लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि भिंतीला चुन्याचे हात द्यावेत तसा सिलिकाचा एकेक थर आतून बसत गेला. कापलेल्या अकीकवर दिसतात ते पट्टे म्हणजे हेच थर. नंतर खडक झिजून माती झाला, पण कठीण अकीक तसाच राहिला आणि नदीच्या पात्रात, शेतात येऊन पडला. भीमा-सीनेच्या काठच्या गावात बालपण गेलेल्यांनी असे गोटे नक्की वेचले असतील आणि अंधारात एकमेकांवर घासून ठिणग्याही पाडल्या असतील. आपल्या राज्यातल्या काळ्या खडकात सापडणारी अशी सुंदर खनिजं एकत्र पाहायची असतील, तर नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' नावाचं संग्रहालय आहे. सहलीसाठी छान जागा.

माणसाला हा दगड फार पूर्वीपासून माहीत आहे. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठावर, पुणे जिल्ह्यात, इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या वस्तीत अकीकच्याच जातीच्या दगडाची धारदार पाती सापडली, आणि लाल अकीकचे मणीही. म्हणजे त्या काळच्या बाईचा विळा आणि तिची माळ एकाच कुळातल्या दगडाची होती.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, त्याचं नाव 'पेरिप्लस', आपल्या भागातल्या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे : पैठण आणि तगर. तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो लेखक सांगतो. पैठणहून पट्ट्यांचा अकीक आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जात असे आणि तिथून समुद्रापार. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही पाहता येतात. सोलापूरचं कापडाशी असलेलं नातं आपण अभिमानाने सांगतो. आपल्या दख्खनचं अकीकशी असलेलं नातंही तितकंच जुनं आहे.

रंग येतो कुठून?

आता चाचांच्या डबीकडे वळू. शुद्ध सिलिकाला रंग नसतो. रंग येतो तो पाहुण्या द्रव्यांमुळे, आणि त्यातही मुख्य म्हणजे लोखंडामुळे.

लाल अकीक : यमनी म्हणून ज्याची ख्याती आहे तो हाच, इंग्रजीतला कार्नेलियन. नारिंगीपासून कलेजीच्या रंगापर्यंत त्याच्या छटा असतात. हा लाल रंग म्हणजे सोप्या भाषेत लोखंडाचा गंज. तोच रंग गडद होऊन तपकिरी झाला की त्याला सार्ड म्हणतात.

सुलेमानी : काळे-पांढरे किंवा तपकिरी-पांढरे सरळ पट्टे असलेला. पट्टे सरळ असल्यामुळे वरच्या थरात नक्षी कोरली की खालचा थर वेगळ्या रंगात उठून दिसतो, म्हणून मोहरा आणि शिक्क्यांसाठी तो फार वापरला गेला.

शजरी : 'शजर' म्हणजे झाड. दुधी दगडात काळ्या-तपकिरी फांद्या दिसतात. लोकांना वाटतं आत खरी वनस्पती अडकली आहे. प्रत्यक्षात ती मँगनीज आणि लोखंडाच्या क्षारांनी काढलेली नक्षी असते. उत्तर प्रदेशात बांदा शहराजवळ केन नदीत असे दगड मिळतात आणि तिथे त्यावर कारागिरी चालते.

हिरवे प्रकार : शेवाळासारखे तंतू दिसतात तो मॉस अकीक. सफरचंदासारखा एकसारखा हिरवा तो क्रिसोप्रेज. त्याचा रंग निकेल धातूमुळे. आणि गडद हिरव्यावर रक्ताचे थेंब पडल्यासारखे लाल ठिपके असतात तो ब्लडस्टोन. ते ठिपकेही लोखंडाचेच.

पांढरा आणि निळसर : दुधी पांढरा किंवा धुरकट निळा कॅल्सेडनी. नैसर्गिक निळा फिकट असतो, शाईसारखा गडद कधीच नसतो.

या रंगांत माणसाच्या हाताचाही वाटा आहे. गुजरातेतलं खंभात हे अकीकच्या कामाचं शेकडो वर्षांचं केंद्र. कच्चा दगड येतो तो मुख्यतः भडोच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातून. तिथल्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकी वंशाचे सिद्दी त्यांना आपले बुजुर्ग मानतात, आणि अकीकचा व्यापार त्यांनीच वाढवला अशी तिथली आख्यायिका आहे. खाणीतून निघालेला दगड बहुधा पिवळट-करडा असतो. तो आधी उन्हात वाळवतात. मग मातीच्या भांड्यात ठेवून गोवऱ्यांच्या राखेत मंद आचेवर भाजतात. उष्णतेने दगडातल्या लोखंडाच्या संयुगातलं पाणी निघून जातं आणि पिवळा दगड लाल होतो. सिंधू संस्कृतीचे कारागीरही दगड असाच भाजत. लोथलला मणी बनवण्याचा कारखानाच सापडला आहे, आणि त्या काळचे लाल मणी इराकमधल्या उर शहराच्या शाही कबरींपर्यंत पोचले होते.

खरा कसा ओळखायचा?

भाजलेला अकीक खोटा नव्हे, ती त्याची जुनी रीत आहे. पण बाजारात आणखी दोन प्रकार मिळतात : रंगवलेला अकीक आणि निव्वळ काच. अकीक रंग पिऊन घेतो, हे आपण वर पाहिलं. साखरेच्या पाकात बुडवून मग गंधकाच्या तेजाबात टाकला, की आतली साखर जळून कोळसा होते आणि दगड काळाभोर बनतो. बाजारातले एकसारखे काळे खडे बहुतेक असेच तयार झालेले असतात. झगझगीत गुलाबी, जांभळा, गडद निळा हकीक दिसला तर तो रंगवलेला आहे, असं खुशाल समजावं. रंगवणं हा गुन्हा नाही. रंगवलेला खडा नैसर्गिक म्हणून, नैसर्गिकच्या भावाने विकणं ही मात्र फसवणूक आहे.

घरच्या घरी काही गोष्टी पाहता येतात. हाताला अकीक गार लागतो. काच लवकर कोमट होते. उजेडासमोर धरल्यावर अकीकमध्ये थर, ढग किंवा पट्टे दिसतात. काचेत गोल बुडबुडे दिसतात. काचेच्या बाटलीवर खड्याची कड ओढली तर अकीक चरा पाडतो. मात्र जडवलेल्या खड्यावर असे प्रयोग करू नका, ते जाणकाराला करू द्या. आणि मुख्य म्हणजे अकीक हा दुर्मीळ दगड नाही. साध्या अकीकचे कुणी हिऱ्याचे भाव सांगत असेल, तर तो दगड विकत नसून तुमची काळजी विकत घेतो आहे.

नफा-नुकसान दगडाच्या हाती?

मी आलिमा नाही. मसला आलिमांनाच विचारावा. पण ज्या गोष्टी सर्वश्रुत आहेत, त्यांची आठवण करून देते.

पैगंबर मुहम्मद (स.) चांदीची अंगठी वापरत. हजरत अनस (रजि.) यांच्या एका रिवायतीत तिचा नगिना हबशी होता असं येतं, दुसऱ्या रिवायतीत नगिनाही चांदीचाच होता असं येतं. हबशी नगिना म्हणजे अकीक असावा, असं काही जाणकारांनी म्हटलं आहे. त्यामुळे मोहब्बतीपोटी कुणी अकीक घालत असेल, तर त्या भावनेचा आदरच करायला हवा. आपले शिया बांधव तर अकीकला विशेष मान देतात आणि नजफ-करबलाच्या जियारतीहून तो आठवण म्हणून आणतात. मात्र अकीक घातल्याने गरिबी जाते किंवा बरकत येते, अशा ज्या रिवायती सांगितल्या जातात, त्या अनेक मुहद्दिसांनी कमजोर किंवा बनावट ठरवल्या आहेत.

त्या मुबारक अंगठीचं पुढे काय झालं, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. तिच्यावर तीन ओळींत 'मुहम्मद', 'रसूल', 'अल्लाह' असं कोरलेलं होतं, पत्रांवर मोहर उठवण्यासाठी. नंतर ती हजरत अबू बक्र (रजि.), हजरत उमर (रजि.) आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडे आली. हजरत उस्मान (रजि.) यांच्या हातून ती मदीनेतल्या अरीस नावाच्या विहिरीत पडली. तीन दिवस शोधलं, पाणी उपसलं, तरी सापडली नाही. एवढी मौल्यवान अंगठी हरवली, दुःख झालं, पण दीन थांबला नाही.

आणि हजरत उमर (रजि.) यांनी तर हजरे अस्वदला चुंबन देताना स्पष्ट सांगितलं होतं, की तू एक दगड आहेस, कुणाचं भलंही करू शकत नाहीस आणि बुरंही नाही, रसूलुल्लाह (स.) यांना चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. काबागृहातल्या दगडाबद्दल जर हे, तर बावीसशे रुपयांच्या खड्याबद्दल काय म्हणावं!

आपल्या विद्वानांनी तर असे दावे तपासूनही पाहिले आहेत. अल-बिरूनी हे ९७३ साली जन्मलेले थोर शास्त्रज्ञ. 'किताबुल जमाहिर' हा रत्नांवरचा ग्रंथ त्यांनी लिहिला. पाचू पाहिला की सापाचे डोळे फुटतात, असं त्या काळी सगळे मानत, पुस्तकांतही लिहीत. बिरूनींनी सापाच्या गळ्यात पाचूची माळ घातली, त्याच्याखाली पाचू अंथरले, समोर धरले. उन्हाळा-हिवाळा धरून नऊ महिने प्रयोग केला. सापाला काहीही झालं नाही. ऐकलेलं तपासून पाहणं ही आपलीच परंपरा आहे, हे मुलांना सांगायला नको का?

ज्यांचं रक्षण कुणी करत नाही

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचली. खंभात आणि त्याच्या शेजारच्या शकरपूरसारख्या गावांत अकीकचं काम घराघरांत चालतं. दगड फोडणं, सहाणेच्या फिरत्या चाकावर घासणं, भोक पाडणं, चकाकी आणणं. घासताना पांढरी धूळ उडते. ती सिलिकाची धूळ. डोळ्यांना न दिसणारे तिचे कण श्वासावाटे फुफ्फुसात जातात आणि तिथेच रुततात. फुफ्फुस हळूहळू कडक होत जातं. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. धाप आणि खोकला क्षयासारखाच असल्यामुळे पुष्कळ वेळा क्षयाचीच औषधं चालू राहतात, आणि अशा फुफ्फुसाला क्षय जडतोही लवकर. ज्या घरात चाक फिरतं, त्याच घरात मुलं खेळतात आणि बायका स्वयंपाक करतात. त्यांच्याही श्वासात तीच धूळ.

कायद्यात सिलिकोसिसची नोंद आहे, तो झाल्याचं सरकारला कळवणं बंधनकारक आहे. पण घरात चार माणसं बसून काम करतात, ती जागा कायद्याच्या भाषेत फॅक्टरी ठरत नाही. पाणी सोडून ओलं घासलं, धूळ ओढून घेणारं यंत्र बसवलं, तर धोका खूप कमी होतो. त्यासाठी पैसा लागतो, आणि कारागिराच्या हातात मण्यामागे पडतात मोजके पैसे.

सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माझे अब्बा कापडगिरणीत कामाला होते. कापसाच्या तंतूंनी भरलेला त्यांचा खोकला मी लहानपणी रोज पहाटे ऐकला आहे. आपल्या गल्ल्यांतून विड्या वळणाऱ्या आया-बहिणींना तंबाखूची धूळ काय असते ते विचारा. ज्या आईने मुलाला नजर लागू नये म्हणून खडा घेतला, तिची छातीही तंबाखूच्या धुळीने भरलेली. आणि असा खडा खरा असता, तर तो घासणाऱ्याची छाती दगडाच्या धुळीने भरलेली असती. दगडात रक्षण करण्याची ताकद असती, तर तिने सगळ्यांत आधी त्याला वाचवलं नसतं का?

अकीक जरूर घ्या. अल्लाहने जमिनीच्या पोटात केलेली ती रंगांची करामत आहे, आणि ती उजेडात आणणाऱ्या हातांना काम मिळायलाच हवं. सुंदर आहे म्हणून घ्या, आठवण म्हणून घ्या. रास्त किमतीला घ्या आणि घेताना घासणाऱ्याची आठवण ठेवा. फक्त मुलाचा पेपर, मुलीचं लग्न आणि नवऱ्याची नोकरी त्या खड्यावर सोपवू नका.

निकाल लागला त्या दिवशी तो मुलगा आईला घेऊन पेढे द्यायला आला. गणितात एकाहत्तर. आई खूश होती. म्हणाली, "टीचर, बला थी, अंगुठी पे चली गई. मेरा बच्चा बच गया."

मी क्षणभर गप्प बसले. मग हळूच म्हटलं, "आपा, वो पत्थर नहीं था. कांच थी."

तिचा चेहरा उतरला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "फिर पास कैसे हुआ?"

मुलाच्या गणिताच्या सरावाच्या तीन वह्या मी पुढच्या मुलांना दाखवण्यासाठी कपाटात ठेवून घेतल्या होत्या. त्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिला वाचता येत नाही. पण हजार-हजार विड्यांची मोजदाद करणारी बाई ती. एकेक पान उलटत ती मनातल्या मनात मोजत राहिली. तिसरी वही संपली तेव्हा तिने ती छातीशी धरली आणि म्हणाली, "ये मैं घर ले जाऊं?"